बाबा, ‘जकात’चा अर्थ सापडला!

प्रिय बाबा,

तुम्ही गेल्यापासून तुमच्याशी बोलायचा धीर झाला नव्हता. पण आज राहवेना! एम.ए.च्या वर्गातून सायकल हाणत इतवारीत गेले, आणि आता घरी येऊन, चपलाही न काढता लिहायला बसले आहे.

तो रमजानमधला दिवस आठवतो ना? सुरतेहून आलेले आपले टेरिलीनचे गठ्ठे जकात नाक्यावर अडकले होते. कर भरून तुम्ही दुकानात आलात ते धुमसतच. “जकात म्हणजे निव्वळ लूट हाय, लूट!”

शेजारच्या दुकानातले हमीदचाचा, तुमचे लहानपणापासूनचे मित्र, ताडकन उठले. “जकातीले असं बोलू नको गा.”

“काहून? तुह्या बापाचं काय जाते?”

झालं! तुम्हा दोघांचा चहा एका केटलीतून यायचा, तो वेगवेगळा येऊ लागला. बाबा, एकदा तरी विचारायचं होतंत ना, ‘हमीद, तुले एवढं काहून लागलं?’

आज सरांनी मराठीतले अरबी शब्द शिकवायला घेतले. जकात हा त्यातलाच! शुद्ध होणं, वाढणं, हा त्याचा मूळ भाव. मुसलमान माणूस दरवर्षी आपल्या शिलकीतला वाटा गरिबांना देतो, ती जकात. आपल्याकडे हेच नाव मालावरच्या कराला पडलं!

मी बाकावरून उठलेच! तुम्ही शिव्या दिल्यात नाक्याला. चाचांना वाटलं, त्यांच्या दानाला! त्या दिवशी त्यांच्या दुकानापुढे गरीब बायका बसल्या होत्या, आठवतं?

तशीच इतवारीत, चाचांच्या दुकानात जाऊन त्यांना सगळं सांगितलं. ते मग म्हणाले, “मले वाटलं, मी जकात वाटून राहिलो ते पाहूनच बोलला. चुंगी म्हणायचं ना वं त्यानं! नाक्यावरच्या कराले आम्ही घरी चुंगीच म्हणतो.” हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. “आन् मी येडा, त्याले इचारलंच नाही.”

मग मीच धीर केला. “चाचा, ताईचं लग्न आहे. वरात येईल तेव्हा बाबांच्या जागी उभे राहाल?”

“हे काय इचारणं झालं, पोरी?”

बाबा, वचन देते. मांडवाच्या दारात हमीदचाचा उभे असतील, आणि तुमचा गुलाबी फेटा मी माझ्या हातानं त्यांच्या डोक्यावर बांधीन.

तुमची,
शालू