बारावं ताट

शरणपूर, नाशिक
दि. २८ डिसेंबर १९८१

चि. सौ. सगुणा हिस,

थोरल्या बहिणीचे, म्हणजे माझे, प्रभूच्या नावाने अनेक आशीर्वाद. यादवरावांना सलाम. त्यांचा दमा थंडीत कसा आहे ते कळव. तुझी तब्येत कशी आहे हेही कळव, आणि खरं काय ते कळव; मागल्या पत्रातल्यासारखं ‘बरी आहे’ एवढ्यावर भागवू नकोस. तुझे दाजी मजेत आहेत. त्यांचा खालचा एक दात पडला, त्यामुळे गायनमंडळात त्यांच्या आवाजातून वारा जातो, पण ते म्हणतात की आता आवाजात भाव आला. आम्ही इकडे सगळे जिवंत आहोत. (जे जिवंत नाहीत त्यांच्याविषयी पुढे लिहिणारच आहे. घाई करू नकोस, आणि सुपारी चघळत असशील तर आधी थुंकून घे, घशात अडकेल.)

तुझं ऑक्टोबरातलं पत्र मिळालं. उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. ‘ताई, यंदा नाताळचा डबा नको, तूच ये.’ हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा वेगवेगळा राग आला. पहिल्यांदा वाटलं, मागल्या वर्षीच्या करंज्या खवट निघाल्या असतील. मग वाटलं, तुझ्या जावेने काहीतरी शेरा मारला असेल (ती मारतेच). तिसऱ्यांदा वाटलं, सहा वर्षं सहादू ट्रकवाल्याच्या हाती एवढा पाच शेरांचा डबा भरून पाठवते, त्याचं काहीच नाही? सहादू चांदवडला कांदे भरायला जाताना डबा तुझ्याकडे टाकतो. (वाटेत चार अनारसे खातो, तेही मला ठाऊक आहे.) मागल्या वर्षी परत आल्यावर तो म्हणाला होता, बाई आता दारापर्यंत येत नाहीत, डबा खाटेवरूनच घेतला. मी मनात म्हटलं, बघा, आमच्या सगुणेला आता बसल्या जागी सगळं लागतं. सगुणा, मी असं म्हटलं होतं. लिहून टाकलं म्हणजे सुटले.

तर आता ताटांची गोष्ट. आपल्याकडे नाताळच्या आदल्या दिवशी घरोघर फराळाची ताटं जातात, हे तुला सांगायला नको; पण ती माझ्या घरात कशी भरली जातात हे तू लग्न होऊन गेलीस त्यामुळे पाहिलेलं नाहीस. बारा ताटं. पहिलं पाळकसाहेबांचं: त्यात अखंड, फुगलेल्या, कड नीट मुरडलेल्या करंज्या, केकचा मधला भाग, वर माझ्या हातचा विणलेला रुमाल. दुसरं डॉक्टरीणबाईंचं, तिसरं चर्चच्या पंचांपैकी पुंजारामांचं (किल्ल्या त्यांच्याकडे असतात, माणूस सांभाळावा लागतो), असं करत करत अकरा. ताटावर नाव कोरलेलं असल्याशिवाय मी बाहेर पाठवत नाही. परत यायला हवं म्हणून, आणि खरं सांगायचं तर कुणाकडून आलं ते दिसायला हवं म्हणूनही. बारावं ताट लंकाबाईचं. ते जर्मलचं, पोचे आलेलं, माझ्या लग्नातलं. आणि त्यात जे उरलं ते. फुटलेल्या करंज्या, तळाला लागलेली शेव, केकची कड. मी स्वतःची समजूत घालायची की मोडकी करंजी चवीला तशीच लागते. लागते की नाही?

लंकाबाई म्हणजे मिशन दवाखान्यातली जुनी आया, मूळची सायखेड्याची. गल्लीच्या टोकाला, कुंपणाच्या भिंतीलगतच्या खोलीत एकटीच राहायची. दारात एक बोरीचं झाड. अठरा वर्षं मी तिला ताट पाठवलं, म्हणजे तुझ्या दाजींच्या हाती पाठवलं, आणि अठरा वर्षं ती ते दुसऱ्या दिवशी स्वतः घेऊन आली. राखेने असं घासलेलं की पोच्यांसकट चमकायचं, आणि कधीही रिकामं नाही. त्यात ओंजळभर बोरं. दर वर्षी म्हणायची, ‘कव्हा तरी तूच ये ना गं यशोदे, ताट घेऊन. बस घडीभर.’ मी म्हणायची, येते हं. बोरं मी शेजारच्या पोरांना वाटून टाकायची. एकही तोंडात घातलं नाही. तिचे हात आयुष्यभर दवाखान्यातलं काय काय धूत आले, हे माझ्या डोक्यात यायचं. हेही लिहून टाकलं.

ऑगस्टात लंकाबाई गेली. खोलीला पुंजारामांनी कुलूप लावलं. सप्टेंबरात त्यांनी ती बोर तोडली, भिंतीवर कलली होती म्हणून. लाकूड स्वस्तात वाटलं, त्यातलं मीही घेतलं, आणि यंदा रॉकेलचा ठणठणाट असल्यामुळे माझ्या सगळ्या करंज्या त्याच लाकडावर तळल्या. (जाळ छान होतो बोरीचा. तेव्हा एवढंच मनात आलं होतं.)

चोवीस तारखेला दुपारी मी ताटं भरली. अकराच भरायची होती. पण हात म्हणजे काय, अठरा वर्षांची सवय. अकरा भरून झाल्यावर फुटक्या करंज्या उरल्या, समोर जर्मलचं ताट होतं, भरलं. तुझ्या दाजींचं तर विचारूच नकोस. त्या दिवशी त्यांच्या डोक्यात नाताळगीताची वरची पट्टी चाललेली असते, तेव्हा त्यांच्या हातात ताटाऐवजी मांजर दिलं तरी ते रुमाल झाकून पोचवून येतील. चार वाजता ते परत आले, चपला काढल्या, म्हणाले, झाली बाराच्या बारा. मी विचारलं, बारावं कुणाला? म्हणाले, लंकाबाईला, आणखी कुणाला?

 मी नुसती बघत राहिले. मग त्यांनाही आठवलं, आणि ते जे मागच्या मागे बसले ते पेटीवर बसले. भाता उघडा होता. पेटी अशी रडली की शेजारची कुसाबाई धावत आली.

नीट विचारलं तर म्हणाले, दार किलकिलं होतं. आत अंधार. नेहमीसारखं मान वळवून (गाणं चालू होतं ना डोक्यात) ताट पुढे केलं. कुणीतरी घेतलं. हात गार होता, पण डिसेंबरात कुणाचा गार नसतो? आणि आतून विचारलं, ‘यशोदा नाय आली?’ मग? मग काय, म्हणाले, मी दर वर्षी सांगतो तेच सांगितलं, कामात आहे.

सगुणा, मला धक्का बसला. भुताने नव्हे गं. ‘दर वर्षी सांगतो तेच’ याने. म्हणजे ती दर वर्षी विचारत होती, आणि हे मला कधी बोलले नाहीत, आणि मी कधी विचारलं नाही.

मग गल्ली गोळा झाली. उन्हं अजून होती, तरी सगळे एकमेकांना चिकटून चालत होते. खोलीला कुलूप जसंच्या तसं, गंज चढलेलं, भोकात कोळ्याचं जाळं. पुंजारामांनी किल्ली लावली तर फिरेना. ताट बाहेर नाही, अंगणात नाही, भिंतीपलीकडे नाही. कुसाबाई म्हणाली कुत्र्याने नेलं. कुत्रा ‘यशोदा’ कसं म्हणेल, असं कुणीतरी विचारलं. डॉक्टरीणबाई तुझ्या दाजींकडे बघून म्हणाल्या, मास्तरांचा रक्तदाब बघायला हवा. पण तुझ्या दाजींना मी तेवीस वर्षं ओळखते, त्यांना खोटं सुचत नाही; तेवढी अक्कल असती तर हेडमास्तर झाले असते. पाळकसाहेब (नवीन आहेत, पोरगेलेसे) म्हणाले, आपण ख्रिस्ती लोक, आपला भुताखेतांवर विश्वास नाही. असं म्हणून त्यांनी छोटीशी प्रार्थना केली, ‘आमेन’ जरा लवकरच म्हटलं आणि घरी जाताना पुंजारामांना म्हणाले, फाटकापर्यंत याल का सोबत?

नाताळच्या सकाळी चर्च गच्च. सगळ्यांचं लक्ष आमच्या बाकावर. पाळकसाहेबांनी लिहून आणलेले कागद बाजूला ठेवले. म्हणाले, कालपासून गावात एका ताटाचीच चर्चा आहे, तर मीही तेच बोलतो. देवाला आपल्याकडे ताट पाठवता आलं असतं. वरून छान रुमाल झाकून. न्यायला देवदूत काय कमी होते? पण त्याने कुणाच्या हाती काही पाठवलं नाही. तो स्वतः आला. आला तोही गोठ्यात, जिथे बसायला धड जागा नव्हती. आणि घडीभर नाही, तेहेतीस वर्षं बसला.

‘घडीभर’ हा शब्द मी कुणाला सांगितला नव्हता. तुझ्या दाजींनाही नाही. मी पदर तोंडात धरला आणि जी रडले ती शेवटच्या गाण्यापर्यंत. कुसाबाईला वाटलं मी भ्यायले. वाटू दे.

घरी आलो तर उंबऱ्यावर ताट. जर्मलचं, पोचे आलेलं, राखेने घासून लखलखीत, माझं नाव वर. आणि त्यात ओंजळभर बोरं. लालसर, देठांवर अजून पानं. सगुणा, ती बोर सप्टेंबरात तुटली आहे. तिचे शेवटचे दोन ओंडके माझ्या परसात पडले आहेत. मी परसात जाऊन पाहून आले. होते.

तुझे दाजी म्हणाले, बाजारातून आणून कुणी चेष्टा केली असेल. असेल बाई. मग मी एक तोंडात घातलं. अठरा वर्षांत पहिलं. आंबट, मग गोड, मग घशात जरासं तुरट. इतकं चांगलं बोर मी खाल्लेलं नाही. ही अठरा वर्षं मी पोरांना काय वाटून टाकत होते!

सव्वीस तारखेला दुपारी मी एकटी गेले. अखंड करंज्या घेतल्या, पाळकसाहेबांच्या ताटातल्यासारख्या, आणि त्या खोलीच्या पायरीवर जाऊन बसले. आधी घड्याळ बघून पाच मिनिटं बसणार होते. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? मग बोलायला लागले. करंज्यांचं, रॉकेलचं, तुझं. तुझंच जास्त. ऊन भिंतीवर चढलं तेव्हा उठले, गुडघे धरले होते, सवयीने म्हटलं, बरंय लंकाबाई, येते. आणि आतून, कुलपाच्या आतून, ‘ये’ असं ऐकू आलं. हलकंच. आपल्यात जाणाऱ्याला जा म्हणत नाहीत ना, तसं.

तुझे दाजी म्हणतात, वारा असेल. मी म्हटलं, वाऱ्याला रीतभात कुठून असणार? 

असो. मी काही भ्यायले नाही आणि हे सगळं तू मनावर घेऊ नकोस. जावेला मात्र मुळीच सांगू नकोस. मुलांना गोड पापा.

तुझी थोरली बहीण,
यशोदा

ता. क. यंदा डबा पाठवलेला नाही. तू नको म्हणाली होतीस. सहादूला मी सांगितलं, डबा नाही, आता ट्रकमध्ये माझ्यासाठी जागा ठेव. तो म्हणाला, मग अनारसे? मी म्हटलं, वाटेत देईन चार.

आणखी ता. क. वर पत्र लिहिल्याची तारीख आहे, पण तिकीट लावलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र मी टपालात टाकणार नाही. स्वतः आणणार आहे. यादवरावांच्या हाती आत पाठवीन आणि तुझ्या ओट्यावर बसेन. सहा वर्षांनी एकदम समोर कोणत्या तोंडाने येऊ, म्हणून आधी हे पत्र. मांडीवर जर्मलचं ताट असेल, त्यात उरलेली बोरं. अर्धी मी खाल्ली, माफ कर. तू उठू नकोस, खाटेवरूनच चालेल. एवढं वाचून झालं की आतून नुसतं ‘ये’ म्हण. पण मोठ्याने म्हण गं, म्हणजे तूच म्हणालीस अशी माझी खात्री होईल.