बावन्न यार्डांची किक

४ ऑक्टोबर, रविवार
संकल्प: आपल्या ऑर्टन मिलर्स फुटबॉल टीमचा साद्यंत इतिहास नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पूर्ण. टीमने मागितलेला नाही. मागतील. सहा प्रकरणं झाली. उरलं सातवं, सगळ्यात मोठं: १९६८, बर्फ, शेवटचे चार सेकंद, मॅच जिंकून देणारी बावन्न यार्डांची किक. मी सांगतो तशी ती गावात कुणी सांगत नाही.
डोरिसवहिनीचा फोन. कॅन्सरने क्लेमदादाला फार ओढलंय. तुझी आठवण काढतो, म्हणाली. दोन तासांचा तर रस्ता. पुढच्या रविवारी नक्की.

११ ऑक्टोबर
जाणारच होतो, पण मॅच. बाहेरगावची मॅच असली आणि मी न धुतलेल्या जर्सीत, टीव्हीसमोर माझ्या खुर्चीत नसलो की मिलर्स हरतात. हे १९८३ पासून सिद्ध आहे. मॅच चालू असताना बायको, आर्लीन, म्हणाली, नॉर्ब, भाऊ मरतोय आणि तू जर्सी कसली सांभाळतोस? हरलो. ती मध्ये बोलली म्हणून.

१४ ऑक्टोबर, बुधवार
प्रकरण अडलं. बॉल उत्तरेच्या गोलपोस्टमधून गेला की दक्षिणेच्या? बर्फ आठवतो, बाबांचे गारठलेले पाय आठवतात. टोक आठवत नाही. वय झालं, दुसरं काय. जुन्या पेपरांतही नाही. क्लेमला ठाऊक असणार, शेजारीच होता. पण फोनवर विचारणं बरं दिसत नाही. प्रकरण पूर्ण करून त्याला वाचूनच दाखवतो. तेव्हाच विचारीन.

२५ ऑक्टोबर, रविवार
घरच्या मैदानावर मॅच. मॅचआधी पार्किंगमध्ये सॉसेज भाजता भाजता सगळ्यांना किक सांगितली. टाळ्या. एक पोरगी म्हणाली, कुठल्या टोकाला? म्हटलं, पुस्तकात वाच. सॉसेज करपले. ते नेहमी क्लेम बघायचा. मन लागेना. उद्या सकाळी निघतो. पेट्रोल भरलं.

२६ ऑक्टोबर, सकाळी ७
वहिनीचा फोन. क्लेम गेला.

२९ ऑक्टोबर
क्लेमला पुरलं. नंतर चर्चच्या तळघरात हॅम सँडविच. मी उभा राहून किक सांगितली, दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून वगैरे. वहिनी रडता रडता हसली. मग बाजूला घेऊन म्हणाली, नॉर्ब, बाबांचे पाय गारठले म्हणून त्यांना घेऊन तू किकच्या आधीच गाडी गरम करायला गेला होतास. क्लेम एकटा थांबला. घरी येईपर्यंत त्यानेच तुला सगळं सांगितलं. पण नॉर्बला बोलू नकोस, म्हणायचा, माझ्यापेक्षा तोच छान सांगतो.
इतकी वर्षं तो माझ्या शेजारी उभा राहून ऐकायचा. सगळ्यांत आधी टाळ्या त्याच्याच.
मला फार लाज वाटते आहे.
टोक विचारायचं राहिलं.