प्लायवुडचा एक्स

मयूर विहार, दिल्ली
१७ ऑगस्ट १९९६

प्रिय ताई,

सा. नमस्कार. इथे सगळे ठीक. उकाडा अजून हटत नाही. अविनाशचं ऑफिस नोएडाला गेल्यापासून त्याला घरी यायला उशीर होतो. तू पाठवलेलं औषध पोचलं. स्वानंदीच्या ऑपरेशनचं तू दर पत्रात विचारतेस, पण आधी शाळेचं सांगते, कारण आज मन फार हलकं आहे.

जुलैत मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं. नववीत गणित सोडून संगीत घ्या म्हणाल्या, मुलीला उगाच त्रास नको. चांगल्या मनानेच म्हणाल्या. स्वानंदी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली. गणितासाठी जेवण विसरणारी मुलगी ती. मी एवढी वर्षं शिकवण्या घेतल्या, पण फळ्याशिवाय बीजगणित कसं शिकवायचं ते मला सुचेना.

एका रविवारी अविनाश प्लायवुडचे तुकडे घेऊन आला. इतके महिने तो घरात धड बोललाही नव्हता. "मापं सांग," एवढंच म्हणाला आणि बाल्कनीत करवत घेऊन बसला. मोठा चौरस म्हणजे एक्स स्क्वेअर. त्याच्याच लांबीची अरुंद पट्टी म्हणजे एक्स. इवलासा चौरस म्हणजे एक. वजाच्या तुकड्यांवर सँडपेपर चिकटवला, म्हणजे बोटांना लगेच कळावं.

मी तिला एक मोठा चौरस, पाच पट्ट्या आणि सहा छोटे चौरस दिले आणि सगळ्यांचा मिळून एक आयत कर म्हटलं. 'आयत' तिला समजलं नाही, 'रेक्टँगल' म्हणावं लागलं. बराच वेळ खटपट चालली. मग कडांवरून बोटं फिरवत ती म्हणाली, "आई, एक बाजू एक्स प्लस दोन, दुसरी एक्स प्लस तीन. हेच फॅक्टर ना?" अविनाश तोंड धुवायला म्हणून आत गेला आणि लवकर बाहेर आला नाही.

काल तुकडे घेऊन शाळेत गेलो. गणिताच्या बाईंनी घातलेली उदाहरणं तिने सोडवली. एकात चुकली, तर पट्ट्या चाचपून स्वतःच दुरुस्त केलं. मोठ्या बाईंनी सँडपेपरचा एक तुकडा स्वतः चाचपून पाहिला. मग म्हणाल्या, "मैथ्स रहने दीजिए. पेपर का इंतज़ाम हम करेंगे." रिक्षात बसल्यावर मला रडू आलं. स्वानंदी म्हणाली, "अच्छा, आता कशाला?"

ताई, लिहिता लिहिता मी हे पत्र तिला वाचून दाखवते आहे. इथवर ऐकून तिने विचारलं, "मावशीला डोळ्यांचं लिहिलंस?" मी म्हटलं, लिहिते. ती म्हणाली, "ब्लाइंड आहे असं लिही. अजून बघू या, असं नको लिहू."

तर लिहिते. ऑपरेशनचा उपयोग झाला नाही. नजर परत येणार नाही, हे डॉक्टरांनी मार्चमध्येच सांगितलं होतं. औषध पाठवू नकोस आता. आईला तू जवळ बसून सांग. माझ्याने फोनवर व्हायचं नाही. आणि दिवाळीत नक्की ये. स्वानंदी तुला बीजगणित शिकवणार आहे, नाही म्हणायचं नाही.

काही न लपवता लिहिणारी,
तुझी मीनाक्षी