नोराआजींच्या आईचं घड्याळ

एनिस, मंगळवार, १४ ऑक्टोबर

आज नोराआजींना त्यांच्या आईची जुनी कॅसेट लॅपटॉपवर उतरवून ऐकवली. आयरिश यादवी युद्धात आपला भाऊ कसा मारला गेला, ते आई त्यात सांगते. मागची घड्याळाची टिकटिक मी साफ पुसली होती. वाटलं, आजी खूश होतील.

त्या म्हणाल्या, "छान. पण घड्याळ कुठे गेलं?"

तो नॉइज होता, मागचा नको असलेला आवाज, मी म्हटलं.

"भावाला घेऊन गेले, एवढं सांगून आई गप्प व्हायची. मग फक्त घड्याळ ऐकू यायचं."

नशीब, मूळ फाइल ठेवली होती. तीच लावली. आजींनी डोळे मिटले. टिकटिक संपली तेव्हा उघडले. मग म्हणाल्या, "ग्रँड." म्हणजे इथल्या बोलीत, झकास.

एवढी हुशारी कशाला केली मी? असो. बरं वाटतंय. त्यांच्या आईचं गप्प बसणंही आता नीट ऐकू येतं.