दोन घंट्यांची हजेरी

घमापूर, जबलपूर
२६ फेब्रुवारी

प्रिय सुनू,

हे अक्षर पाहून तू पाकीट दोनदा उलटसुलट करून बघशील. अक्षर माझंच आहे, जरा वाकडं झालंय एवढंच. अकरा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आता लिहायला बसलो तर तीन कागद फाडून झाले. एक विनंती आहे. ड्यूटीवर असशील तर पत्र पर्समध्येच ठेव. घरी जाऊन, बसून वाच, आणि मधूनच शेवटाकडे उडी मारू नकोस. मला मुद्द्यावर यायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. आई म्हणायची, यांना चहा हवा असला की हे आधी गाईची चौकशी करतात.

तर फोनपासून सुरुवात करतो. माझा आणि आईचा, दोन्ही नंबर माझ्याच नावावर आहेत, एकाच बिलात, मी फॅक्टरीत होतो तेव्हापासून. गेल्या महिन्यात मी ठरवलं की दोन नंबर आता कशाला, आईचा बंद करून टाकू. बाजारातल्या दिवाकरच्या दुकानात गेलो. तुझ्याच वर्गातला दिवाकर, आता त्याला टक्कल पडलंय. त्याने इतके दिवस बंद पडलेला आईचा तो बटनांचा फोन चार्जिंगला लावला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काका, बंद काहून करता? सिम हेच राहू द्या, पोस्टपेडचं प्रीपेड करून देतो. गॅसचे, बँकेचे मेसेज याच्यावरच येऊन राहिले ना? अन् नवीन सिम घेतलं तर काकूनं सेव केलेली नावं चालली जातील.”

नावं जातील म्हटल्यावर मी लगेच हो म्हटलं. ती सगळी तिने एकेक बटन दाबून घातलेली होती, दूधवाला, पिठाची गिरणी, शकुवन्स. दिवाकरने काय ते केलं, फोनवर आलेला आकडा मी त्याला वाचून दाखवला, आणि तो म्हणाला की आता अर्धा तास नेटवर्क जाईल, घाबरू नका. मी बाहेरच्या बाकावर बसलो. पडद्यावरच्या त्या बारीक काड्या नाहीशा झाल्यावर मला इतकं कसंतरी होईल असं वाटलं नव्हतं. त्याने पाठवलेला चहा तसाच राहिला. मग काड्या परत आल्या, तेच सिम, तोच नंबर. दिवाकर म्हणाला, “चलो, झालं काम.” आणि मी वेड्यासारखा त्याचे दोन्ही हात धरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता फोन दोनदा वाजला आणि थांबला. नाव आलं, ‘भजन मंडळ’. मला नवल वाटलं नाही. हा प्रकार कितीतरी वर्षं मी रोज पाहत होतो. चार वाजता दोन घंट्या यायच्या, आई फोन उचलून तिकडे दोन घंट्या द्यायची आणि ठेवून द्यायची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “तुमच्या फॅक्टरीत भोंगा होतो, आमच्या मंडळात दोन घंट्या. आल्या की परत द्यायच्या, हजेरी लागली.” छत्तीस वर्षं भोंग्याच्या आधी गेटाच्या आत असलेल्या माणसाला ही पद्धत फारच पसंत पडली. बायकांची शिस्त बघा म्हणून मी चारचौघांत सांगितलंसुद्धा. कधी फिरून आलो तर फोन चांगला गरम लागायचा. ती म्हणायची, चार्ज होत होता. मला तेही पटायचं.

म्हणून त्या दिवशी मीही दोन घंट्या दिल्या. मंडळाच्या बायका घरी भेटून गेल्या होत्या, त्यांना सगळं ठाऊक होतं. वाटलं, कोणीतरी यादीतून नाव काढायचं विसरलंय. मग मी तरी कशाला आठवण करून देऊ? तुझ्या आईची, इंदूची, कुठल्या तरी एका हजेरीत नोंद होतेय, होऊ दे. रोज पावणेचारलाच मी चष्मा पुसून फोनपाशी बसू लागलो. दिवसभरात मला तेवढं एकच काम होतं, आणि ते मी चुकवलं नाही.

एकवीस तारखेला घंट्यांनंतर मेसेज आला, इंग्रजी अक्षरांतलं मराठी. दोनदा मोठ्याने वाचला तेव्हा कळला. तुला तो पाठ असेल, तरी लिहितो. “आई, मधे बारा दिवस तुझा फोन बंद होता तेव्हा जीव घाबरला होता. आता दोन घंट्या येतात म्हणून बरं आहे. पण बाबा हल्ली बाहेर पडतच नाहीत का? एकदा आवाज ऐकव.” म्हणजे दोन घंट्या म्हणजे, मी बरी आहे, हे घरात आहेत, बोलता येत नाही. सुनू, जवळजवळ महिनाभर मी तुला रोज चार वाजता हेच कळवत होतो.

त्यानंतर मी घरातली एकेक वस्तू उचलून पाहिली. आरत्यांच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तुझा बिलासपूरचा, हॉस्पिटलच्या नर्स क्वार्टरचा पत्ता सापडला. दर उन्हाळ्यात शेजारी वाटते म्हणून बांधलेल्या कुरडया आणि सांडगे कुठे जात होते तेही समजलं. मला तिचा राग आला नाही. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीशी बोलायला जिला नवऱ्याच्या फिरायला जाण्याची वाट पाहावी लागली, तिच्यावर मी कुठल्या तोंडाने रागावणार?

ते पाटनच्या बसचं आता लिहूनच टाकतो. तू एक पिशवी घेऊन पाटनच्या सासरहून आलीस आणि म्हणालीस की आता परत जाणार नाही. तुझ्या मनगटावरचा डाग मी पाहिला होता. पाहिला, आणि विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर तुला ठेवून घ्यावं लागलं असतं आणि लोक काय म्हणतील याची मला धास्ती होती. मी स्वतः तुला बसमध्ये बसवलं, तिकीट काढून दिलं, आणि म्हणालो की आता तेच तुझं घर. तू पुढच्याच थांब्यावर उतरलीस हे कळलं तेव्हा मी आईला बजावलं की या घरात तुझं नाव निघता कामा नये. तिने ते तंतोतंत पाळलं. ‘भजन मंडळ’ लिहिलं.

आता ते, ज्यासाठी तीन कागद फाटले. आई गेली, सुनू. पंधरा जानेवारीला, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तीळ निवडता निवडता. फार वेळ लागला नाही, तिला त्रास झाला नाही असं डॉक्टर म्हणाले. अस्थी नर्मदेत ग्वारीघाटावर मी एकट्याने सोडल्या. तुला कोणी कळवलं नाही, कारण तुझा नंबर तिच्या त्या सिमवर सोडून कुठेच नव्हता, आणि त्यावर तुझं नाव नव्हतं. याचा दोष माझा आहे, दुसऱ्या कोणाचा नाही.

मेसेज आल्यावरही तीन दिवस मी घंट्या देत राहिलो. फोन उचलला असता तर माझा आवाज ऐकताच तुला सगळं कळलं असतं, तिथे वॉर्डात, उभ्या उभ्या. म्हणून पत्र. काल मात्र घंट्या दिल्या नाहीत, आणि तू सहा वेळा फोन केलास. मी समोर बसून होतो, फोन उचलला नाही. आता ते सिम मी चालू ठेवणार आहे, तुझ्यासाठी, जोवर मी आहे तोवर. हे वाचून झाल्यावर तुला वाटेल तेव्हा, आठवड्याने, वर्षाने, चार वाजता फोन कर. शिव्या द्यायच्या असल्या तरी कर. फक्त दोन घंट्यांवर कापू नकोस. मी घरातच आहे, तरी वाजू दे. मी उचलीन.

म्हणायचा हक्क राहिला असेल तर, तुझाच,
बाबा