कुठल्याही फोनवर

प्रिय दादा,

फोन केला की तू "मीटिंगमध्ये आहे, थोडक्यात सांग" म्हणतोस. हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहितेय. तेही कागदावर, म्हणजे तुला ते बोटानं सरकवून पुढे कुणाकडे ढकलता येणार नाही.

आई बरी आहे. म्हणजे लोकांनी विचारल्यावर आपण जे सांगतो, त्या अर्थानं बरी. काठी टेकत पलंगापासून खिडकीपर्यंत जाते. उजवा हात तिला डाव्या हातानं उचलून मांडीवर ठेवावा लागतो, दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळायला घेतल्यासारखा. तू पाठवलेला नवा फोन कपाटात आहे. देखणा आहे, पण एका हातात मावत नाही आणि तिच्याकडे सध्या एकच हात आहे. आपलं 'हाक' ॲप त्यावर झकास चालतं, मी बघितलं. न चालायला काय झालं! तुमच्या अख्ख्या ऑफिसच्या खिशात तोच फोन आहे.

परवा मी जुन्या जागेवरून गेले. टायरच्या दुकानावरची आपली खोली आता कुणाची तरी शिकवणी झालीय, पण जिन्यात रबराचा वास तसाच येतो. आठवतं, आपण दोघंच होतो तेव्हा? तू ॲप लिहायचास आणि मी ते फोनवर मोडून बघायचे. लोखंडी कपाट भरून फोन जमवले होते मी, दुरुस्तीच्या दुकानांतून, ओळखीपाळखीतून, काच तडकलेले, पाठ निघालेले. सगळ्यांच्या पोटात म्हणे एकच प्रणाली. पण प्रत्येक कंपनीनं त्यात आपला मीठमसाला घातलेला. एकाला प्रत्येक गोष्टीची परवानगी लागायची, त्याचं नाव आपण 'संशयी' ठेवलं. एकावर आपली अक्षरं पडद्याबाहेर जायची, ती 'जाडी'. आणि तो स्वस्तातला, मोठ्या आवाजाचा, मोठ्या अक्षरांचा, म्हाताऱ्या माणसांना मुलं हमखास घेऊन देतात तो, 'झोपाळूशेठ'. बॅटरी वाचवायच्या नावाखाली तो मागे चालणारी ॲप्स गुपचूप झोपवून टाकायचा. वर पडद्यावर सगळं आलबेल, आत सामसूम.

तू हसून लोटपोट झाला होतास त्या नावावर. तेव्हा तू हसायचास.

'हाक'ची कल्पना तुझीच होती आणि चांगली होती, हे मी आजही म्हणेन. रोज सकाळी पडद्यावर मोठं बटण येणार, 'मी ठीक आहे'. एकट्या राहणाऱ्या माणसानं ते दाबलं की झालं. नाही दाबलं, तर थोडा वेळ वाट पाहून घरच्यांचे फोन आपोआप वाजणार. माणूस पडलेला असो, बेशुद्ध असो, त्यानं काही करायचंच नाही. हे तू पहिल्यांदा आईला समजावलंस तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे मी गप्प बसले तरी तुम्हाला ऐकू येणार." आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांना लोकांशी जोडून देणारी बाई ती. तिचा आवाज ऐकून लोक सरळ व्हायचे. तिला तुझा किती अभिमान वाटला होता ते तू पाहिलंस.

आणि तुला हेही आठवत असेल की झोपाळूशेठवर हाक दोन-तीन दिवसांत झोपी जायची. बटणच यायचं नाही, मग दाबलं की नाही हे बघणार कोण? मी तुला म्हटलं, फोन गप्प झाला तर गप्प झाल्याचीच बातमी घरच्यांना जाऊ दे. तू म्हणालास, खोट्या हाका गेल्या की लोक ॲप काढून टाकतात. मी म्हटलं, मग या फोनवर चालत नाही असं सरळ लिही. तू म्हणालास, "तो दोष आपला नाही, त्या कंपनीचा आहे. जगातले सगळे फोन सांभाळायला बसलोय का आपण?" दोष त्यांचा होता, मान्य. पण पडणारी माणसं आपली होती. शेवटी सेटिंगच्या तळाशी एक बारीक ओळ घातलीस, काही फोनवर सुविधा मर्यादित असू शकते. चष्मा लावूनही आईला ती वाचता आली नसती. बाहेर पाटीवर मात्र ठसठशीत, 'कुठल्याही फोनवर चालणारी हाक'.

मग पैसेवाले आले, काचेचं ऑफिस आलं. तुझ्या नव्या साहेबांनी माझ्या कपाटाकडे बघून विचारलं, हे भंगार कुणाचं? तपासणी बाहेरच्या लोकांकडे गेली. ते संगणकावरच्या नकली फोनवर सगळं चालवून बघतात आणि नकली फोन कधी झोपत नाहीत. कपाटाला कुलूप लागलं आणि मला 'ग्राहकांशी संवाद' नावाच्या खुर्चीवर बसवलंस. बढती दिल्यासारखं.

तेव्हा एकटी राहणाऱ्या आईचा फोन झोपाळूशेठच्याच जातीचा. तिनं तो स्वतः निवडला होता, सोडायला तयार नव्हती. म्हणून मी त्यात शिरून हाकेला जागं राहायची परवानगी हातानं देऊन ठेवली होती. महिनोन्‌महिने नीट चाललं. मग त्या कंपनीनं आपली प्रणाली नवी केली आणि त्यात ती परवानगी पुसली गेली. आईला काय कळणार! फोन स्वतःच बंद होऊन चालू झाला एवढंच तिला दिसलं. बटण यायचं थांबलं, तर ती समजली आपण सुधारणा केली असेल. दादा, अगदी तसाच फोन त्या कपाटात होता. कपाट उघडं असतं तर त्यालाही तीच नवी प्रणाली मिळाली असती आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मला दिसलं असतं की शेठ पुन्हा झोपले. एवढंच काम होतं माझं. फोन बघत बसायचं.

ती पहाटे न्हाणीघरात पक्षाघाताच्या झटक्यानं पडली. मी दिवसभर तुझ्या काचेच्या ऑफिसात 'हाक'बद्दल समाधानी आहात का, असं लोकांना विचारत होते. माझा फोन टेबलावर गप्प होता आणि तो गप्प होता म्हणून मी निश्चिंत होते. दुपारी शेजारच्या काकूंना नळ वाहत असल्याचा आवाज आला. दार फोडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणलं असतं तर हात वाचला असता, बोलणंही बरंचसं वाचलं असतं.

तू आलास. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारलेस, चांगली खोली मिळवलीस. मग मला कॉरिडॉरमध्ये बाजूला घेतलंस. मला वाटलं, आता हा रडेल. मी धरायच्या तयारीत होते. तू म्हणालास, "हे बाहेर कुणाला बोलली नाहीस ना?"

त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. तू कारण विचारलं नाहीस आणि आजवर मीही सांगितलं नव्हतं.

आता इथली बातमी. तुझ्या जाहिरात विभागातली ती गोड बोलणारी मुलगी आईला थेट फोन करते. मला वगळून. चित्रीकरण करायचंय, संस्थापकांच्या आईचाच अनुभव, लोकांच्या काळजाला भिडेल. आईनं होकार दिला. वाक्यही पाठवलंय: "मी पडले आणि हाकेनं माझ्या मुलीला बोलावलं." वाणीचे व्यायाम घ्यायला बाई येतात, त्यांनी दिलेले सोपे शब्द आई बाजूला सारते आणि हे वाक्य घोकते. आरसा समोर धरून. तोंड वाकडं दिसू नये म्हणून डाव्या हातानं गाल वर धरते. 'ह' तिला अजून येत नाही. 'आक' होतं. चिडते, पुन्हा म्हणते. पूर्वी चुकीचा नंबर मागणाऱ्याला जशी दटावायची, तशी स्वतःला दटावते.

तुझ्यावर उखडायचं, चित्रीकरणवाल्यांना दारातून हाकलायचं, असं मी ठरवलं होतं. ते करायला मला पत्राची गरज नव्हती. पण काल मी न राहवून आईला म्हटलं, आई, त्या दिवशी कुणी कुणाला बोलावलं नव्हतं, तुला ठाऊक आहे, मग हे खोटं कशाला? ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. मग तुकड्या-तुकड्यांनी म्हणाली, "मी बटण दाबलं नाही. त्याचं काम माझ्यामुळे बिघडलं. आता तेवढं तरी नीट बोलू दे." मी विचारलं, असं कोण म्हणालं? तर म्हणे, दवाखान्यात तू तिच्या उशाशी बसून म्हणाला होतास, "आई, बटण दाबायला हवं होतंस गं." दादा, तिला बटण आलंच नव्हतं. आणि न दाबणाऱ्यासाठीच तर हाक होती. मी काल तिला सगळं समजावलं, कपाट, परवानगी, नवी प्रणाली, सगळं. तिनं ऐकून घेतलं आणि माझ्या डोक्यावरून हात फिरवला, मी तिची समजूत घालतेय असं वाटून. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास बसत नाही. ॲप तू बनवलंस, तुझंच खरं. तेव्हा हे पत्र माफीसाठी नाही आणि जाहिरात थांबव म्हणायलाही नाही, ते तुझं तू बघ. ये आणि तिच्यासमोर बसून एवढंच सांग, की आई, तुझं काही चुकलं नव्हतं. तुझ्याच तोंडून. ती सध्या रोज दुपारी जागी असते.

तुझीच,
धाकटी