पाच मिनिटे शिजवावे

आई, माडगं जमत नाहीये. कालपासून हे तिसरं पाकीट फोडलंय. तुझी सून दवाखान्यातून घरी आलीय, पण आजारपणानं तिचं पोट अन्नच धरत नाही. डॉक्टर म्हणाले, उद्यापर्यंत काही टिकलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. त्या नळीला ती फार भिते. काल डोळे मिटूनच म्हणाली, "अहो, आत्या करायच्या तसलं हुलग्याचं माडगं द्या की. तेवढं जाईल बघा." अजून तुला आत्याच म्हणते ती. मी तसाच सात रस्त्याला पळालो आणि दुकानात होती तेवढी पाकिटं घेऊन आलो.

पाकिटावर लिहिलंय तस्संच केलं. उकळत्या पाण्यात पीठ घातलं, घड्याळ लावून पाच मिनिटं ढवळलं. नुसत्या गुठळ्या, आणि एखादी फोडली तर आत कोरडं पीठ. गाळून दोन चमचे पाजले, ते तिनं उलटून टाकले. दुसऱ्या पाकिटाचंही तेच. तोंड पुसताना उलट मलाच म्हणाली, "तुमचं काही चुकलं नाही हो." माझं डोकंच फिरलं. पाकिटावर हे लिहिणाऱ्याला समोर उभा करून विचारावंसं वाटलं, बाबा रे, जन्मात कधी पातेलं चढवलंस का? म्हणून पाकीट उलटं करून पार शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. 'गरमागरम प्राशन करावे.' आई, माडग्याला प्राशन कोण म्हणतं? मी म्हटलं होतं. एवढ्या वर्षांत वरचं चित्र बदललं, रंग बदलला, मजकूर मात्र माझाच आहे.

मी दहावीत आहे. भवानी पेठेत मालकीणबाईंच्या माडीवर तू हुलगे भाजतेयस, बाकीच्या बायका पाकिटं भरतायत. पिठाला चव तुझ्या भाजण्याची, म्हणून बाईंनी कृती तुला विचारली, आणि अक्षर चांगलं म्हणून लिहायला मला बसवलं. कढईवरची नजर न हलवता तू सांगतेस, "आदी गार पाण्यात कालवा म्हणावं. गुठळी ऱ्हायली न्हाय पायजे. मग उकळीत सोडा. कच्चा वास जाईस्तवर हात थांबवायचा न्हाय, घड्याळ बगायचं न्हाय." कागद तळहाताएवढा होता आणि खाली पोरं क्रिकेटसाठी हाका मारत होती. मी गार पाणी गाळलं, वास गाळला, पाच मिनिटं अंदाजानं ठोकून दिली आणि उरलेल्या जागेत मराठीच्या सरांना आवडेल असा शब्द बसवला. तू विचारलंस, "समदं लिवलंस न्हवं?" मी म्हटलं, "व्हय." तुला वाचता येत नव्हतं. पदराला हात पुसून तू तो कागद घेतलास आणि एकेका बाईला दाखवत फिरलीस, "माज्या लेकानं लिवलंय, लई झ्याक लिवलंय."

आज सकाळी गार पाण्यात कालवलं. गुठळी एकही झाली नाही. पण कच्चा वास गेला हे ओळखायचं कसं? मी तुझ्या चुलीपाशी कधी उभाच राहिलो नाही, आयतं वाटीत घेऊन प्यायलो. दहादा वाकून हुंगलं, दर वेळी वेगळंच वाटतं. आता पातेलं उतरवून ठेवलंय, आणि ओट्यावरच हे लिहीत बसलोय, कारण देऊ की नको ते कळत नाही. आणखी एक उलटी तिला झेपायची नाही. आतून ती विचारतेय, "झालं का हो?" आई, झालंय का? एवढं एकदा सांग, मी पुन्हा काही मागणार नाही.

हे पत्र टाकणार तरी कुठं! तू असतीस तरी ते तुला मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. आणि खरं सांगतो, त्या कागदाच्या गोष्टीपाशी आल्यावर तेवढा भाग मी गाळला असता, आणि तू विचारलं असतंस, समदं वाचलंस न्हवं?